तिसरं बटण

मावशींना राग आला की त्या बोलत नाहीत, बटणं शिवतात. नाट्यगृहातली जुनी माणसं हे ओळखून आहेत. कपडेपटाच्या खोलीत मावशी मान खाली घालून सुई ओढताना दिसल्या की कोणी चहालाही हाक मारत नाही. त्या महिन्यात तर त्यांनी शिपायांच्या सदऱ्यांपासून राजाच्या अंगरख्यापर्यंत एकही कपडा सोडला नाही.

कारणही तसंच होतं. साहेब नाटक घेऊन आले होते. साहेब म्हणजे एकेकाळचे सिनेमातले नायक. केस अजून काळे, पण कामं आटलेली. कोणी बोलावेना म्हणून त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं, आणि लिहिलं ते बावीस वर्षांपूर्वी विस्कटलेल्या एका शूटिंगवर. नटांचे रुसवेफुगवे, कोणाची खोली मोठी, कोणाचं नाव आधी, असं सगळं त्यात होतं. स्वतःची भूमिका स्वतःच करायची आणि चार चुका कबूल करून बाकीच्या चाळीस झाकायच्या, असा सगळा मामला. लोक म्हणाले, काय प्रामाणिक माणूस आहे!

त्या शूटिंगवर कपडे सांभाळायला होत्या मावशी.

काय घडलं होतं ते त्यांना कालच्यासारखं आठवतं. साहेबांसमोर काम करायला रंगभूमीवरचे एक नट होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. साहेबांचं आणि त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एका प्रसंगात मास्तरांचं लांबलचक भाषण होतं आणि साहेबांना नुसतं कोट घालून ऐकत उभं राहायचं होतं. अर्धा प्रसंग सकाळी झाला. भाषणाच्या आधी साहेब दोन मिनिटं मेकअपरूममध्ये जाऊन आले. मग मास्तर असे बोलले की दिवे धरणारी माणसंसुद्धा डोळे पुसू लागली. आणि दिग्दर्शकाने वाहवा म्हणायच्या आत साहेबांनी कोटाकडे बोट दाखवलं. तिसरं बटण गायब. सकाळच्या शॉटमध्ये बटण होतं, आता नाही, म्हणजे शॉट फुकट. मास्तरांनी तेच भाषण आणखी आठ वेळा केलं, दर वेळी आधीपेक्षा वाईट. नवव्या वेळी ते सेट सोडून गेले, ते गेलेच. सिनेमा बुडाला.

खापर फुटलं मावशींवर. साप गेला आणि भुई धोपटली म्हणतात, पण इथे साप तिथेच खुर्चीत बसून सरबत पीत होता.

मावशींनी कोट उलटा करून बघितला होता. त्यांचं बटण म्हणजे मेण लावलेला दुहेरी दोरा, आतून आधाराला दुसरं छोटं बटण, आणि मधल्या देठाला सहा वेढे. कोट फाटेल, बटण सुटणार नाही. आणि दोरा तुटला तर त्याचं टोक पिंजतं. इथे चारही टोकं सरळ, एकसारखी. कात्रीने कापलेली. त्यांनी व्यवस्थापकाला ते दाखवलंही. तो म्हणाला, पिशवी उचला. त्यानंतर सिनेमाचं काम त्यांना कोणी दिलं नाही.

तेही त्यांनी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते लेकीचं वाक्य. ती तेव्हा बारा वर्षांची होती. आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "होतं गं आई चुकून." मावशींनी कापलेल्या दोऱ्याचं सांगितलं, तर पोरीने मोठ्या माणसासारखी मान डोलावली. न केलेल्या चुकीची माफी पोटच्या पोरीकडून मिळाली. आता ती लेक शिवणाचे वर्ग चालवते, आणि अजून प्रत्येक बटण दोनदा ओढून बघते. ती ओढते तेव्हा मावशी दुसरीकडे बघतात.

तर साहेबांच्या नाटकात हा प्रसंग होता. फक्त त्यात बटण आपोआप पडायचं, घरंगळत जायचं आणि साहेब म्हणायचे, "जिला बटण शिवता येत नाही, तिच्या हाती आमचं नशीब!" मोठा हशा. आणि ते पडावं म्हणून रोज कच्च्या दोऱ्याच्या एका टाक्यावर सैल शिवून द्यायचं काम कोणाचं? मावशींचंच.

तालमीच्या वेळीच त्या साहेबांकडे गेल्या होत्या. ती बाई मीच, म्हणाल्या, तेवढं वाक्य काढा. साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. क्षणभर चेहरा उतरला, मग हसू आलं.

"मग आनंद माना की मावशी," ते म्हणाले. "तुम्ही नाटकात आलात. आणि हशा तिथेच येतो हो."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी पाच प्रयोग त्यांनी सैल बटण शिवलं. सहाव्याच्या आदल्या दिवशी लेकीचा निरोप आला. वर्गातल्या सगळ्या मुलींना घेऊन येतेय, आईच्या नाटकाला.

त्या दुपारी मावशींनी मेणाचा तुकडा शोधून काढला.

प्रसंग आला. साहेबांनी सवयीने बटणाला झटका दिला. बटण जागचं हललं नाही. दुसरा झटका दिला, कोट ओढला गेला, साहेबही ओढले गेले. मास्तरांचं काम करणारा तरुण नट भाषण संपवून वाट बघत उभा. प्रेक्षकांत खुसखुस सुरू झाली. साहेबांनी दोन्ही हातांनी जोर लावला. घाम फुटला. मग त्यांची नजर रंगमंचावरच मांडलेल्या मेकअपच्या टेबलावरच्या छोट्या कात्रीवर गेली. ती त्यांनी उचलली, बटणाखाली घातली आणि चुटकीसरशी कापलं. शोधावं लागलं नाही, चाचपावं लागलं नाही. सरावाचा हात होता.

आणि बोलायचं वाक्य तोंडातून निघून गेलं. "जिला बटण शिवता येत नाही..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. सगळं नाट्यगृह हसलं, पण या वेळी साहेबांना.

अंक संपल्यावर त्यांनी कोट मावशींच्या अंगावर फेकला. "काय केलंत हे?"

"बटण शिवलं," मावशी म्हणाल्या. "माझं बटण पडत नाही, साहेब. कापावं लागतं. तुम्हाला माहीतच आहे."

कपडेपटाच्या दारात लेक येऊन उभी होती. तिला वळसा घालून साहेब निघून गेले.

लेकीने कोट घेतला, उलटा केला, उजेडाखाली धरला. चारही टोकं बोटांवर घेऊन बघितली. पुन्हा बघितली.

"आई, कापलेली टोकं अशी सरळ असतात."

"तेव्हाही अशीच होती."

लेकीचे डोळे भरले. ती काहीतरी म्हणणार होती, पण मावशींना आत्ता माफी नको होती. बावीस वर्षांचा राग असा एका प्रयोगात थोडाच निवतो. त्यांनी सुई आणि मेणाचा दोरा तिच्यापुढे धरला. "ओवून दे," म्हणाल्या. आणि कोट मांडीवर ओढून घेतला.