अण्णा ओळख करून देतात

अख्ख्या बेंगळुरूत स्वतःची ओळख करून द्यायचा एवढा सोस असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमचे अण्णा दूधवाल्याला नाव सांगत, शहाळंवाल्याला गाव सांगत आणि बसमध्ये कंडक्टरला तिकिटाच्याही आधी सांगत, "मी हेब्बाळला राहतो. माझी खोली हाय तिथं." कंडक्टर "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत पुढे सरके.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. यशवंतपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. बायको गेली, पाठोपाठ कारखाना बंद पडला, राहती खोली सुटली आणि साठीला टेकलेला हा माणूस स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर आला. सहा वर्षं तिथे त्यांना नाव विचारणारं कुणी भेटलं नाही. मी त्यांना भेटले तेव्हा ते एका संस्थेने बेघरांसाठी घेतलेल्या घरात राहत होते. आठ माणसं, प्रत्येकाला आतून कडी लावता येईल अशी खोली आणि जेवणापासून बीपीच्या गोळ्यांपर्यंत सगळं बघणाऱ्या एक अक्का. मी रविवारी तिथे लोकांचे आधार कार्डाचे, पेन्शनचे अर्ज भरायला जात असे.

खोली मिळाली तरी अण्णा झोपत जमिनीवरच, चपला उशाखाली घेऊन. "पलंगावर झोप लागत नाही ओ ताई." पलंग त्यांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता. पाहुणा कधी आला नाही, पण त्यावरची चादर ते दर आठवड्याला धूत.

मग गल्लीतल्या लोकांनी सह्या करून अर्ज दिला, की हे घर इथून हलवा. अक्का घाबरल्या. अण्णांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला सोबत घेऊन घरोघरी निघाले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "मी तुमचा शेजारी. माझा काय त्रास झाला तर मलाच सांगा." बहुतेकांनी जाळीचं दार उघडलंच नाही. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले निवृत्त इंजिनियर मात्र कन्नडमध्ये स्पष्टच बोलले, "फूटपाथवरची माणसं आम्हाला गल्लीत नकोत."

"बरोबर हाय," अण्णाही कन्नडमध्येच म्हणाले. "माणूस फूटपाथवर नकोच. म्हणून तर आम्ही घरात आलो."

इंजिनियर फाटक लावून घ्यायला लागले. तोवर अण्णांचं लक्ष फाटकाच्या कडीकडे गेलं होतं. ती अडकत होती आणि लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते बघवेना. जाऊन कानस घेऊन आले आणि अर्धा तास कडी घासत बसले. इंजिनियर आधी उभे राहून बघत होते, मग खुर्ची घेऊन आले, मग विचारलं, "किती वर्षं होता लेथवर?"

गल्लीतल्या लोकांच्या पुढच्या बैठकीत इंजिनियरनी आपली सही मागे घेतली. आणखी चारपाच जणांनी घेतली. सगळ्यांनी नाही. पण अर्ज बारगळला आणि घर राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी चहा पिताना अण्णांनी सहज विचारलं, "ताई, तुमच्या शेजारी कोण असतं?"

देवनहळ्ळीच्या रस्त्यावर एका टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर, मी तीन वर्षं एकटी राहत होते. समोरच्या दारावर पितळी गणपती आहे, एवढंच मला सांगता आलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फूटपाथवरच्या दिवसांविषयी बोलतानाही त्यांचा चेहरा एवढा उतरलेला मी पाहिला नव्हता. मग त्यांनी आपल्या ग्लासातला अर्धा चहा माझ्या ग्लासात ओतला. तो निवला होता. मी सावकाश प्यायले.