दुखण्याचा वाटा

१९९३ साली आमच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली, आणि टाइम ऑफिसच्या खिडकीशी माणसांनी माझं डोकं खाल्लं. पैसे किती, फंड कधी, मुलाला लावून घेणार का! मी तिथला कारकून. अर्ज भरून देणं माझं काम आणि लोकांवर खेकसणं माझा स्वभाव. पेंटिंग खात्यातला गुणाजी त्या गर्दीत गप्प उभा होता. सगळे पांगल्यावर त्याने एकच विचारलं, "भाऊ, मनूच्या गोल्या मग कुठं भेटतील?"

मनुबाई त्याची बायको. डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायची. तिला सहा वर्षांपासून साखर होती. तपासणी, गोळ्या, सगळं गुणाजीच्या ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कार्डावर फुकट व्हायचं. नोकरी सोडली की कार्डही जाणार होतं.

गुणाजी एकोणपन्नास वर्षांचा. कोपरला खाडीकाठी घर. वडिलांची होडी धाकटा भाऊ नामा आणि चुलतभाऊ भिवाजी चालवायचे. पंचवीस वर्षं रंगाची वाफ नाकात गेल्यावर त्याला परत होडीवर जायचं होतं.

"अरे, खाडीत कंपन्यांचं पाणी येतं. मासे राहिलेत कुठे?" मी म्हणालो.

"कमी झाल्यात, सपल्या नाय," तो हसून म्हणाला. असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मेडिक्लेम तेव्हा आमच्याकडे नवा होता. मी एका ओळखीच्या एजंटला घेऊन कोपरला गेलो. फॉर्म भरताना 'पूर्वीचे आजार' हा रकाना आला, तसा एजंट आवाज खाली आणून म्हणाला, "इथे 'नाही' लिहा. कोण बघतंय?"

मनुबाईने पदर खोचला. "सगला बाजार बघतंय! चायवाला लांबून वरडतो, मावशे, साकर नको ना? आनि मी कागदावर नाय लिवू?"

तिने 'हो' लिहायला लावलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: विमा मिळेल, पण साखर आणि साखरेतून उद्भवणारं दुखणं सोडून. मी तिच्यावर मनातून चिडलो. दोन अक्षरांचं खोटं लिहायला काय जात होतं? गुणाजी मात्र तिला एका शब्दाने बोलला नाही. बाकीच्या दुखण्यांसाठी दोघांचा विमा त्याने उतरवला, पण निवृत्तीच्या अर्जावर सही काही करेना. त्याचं म्हणणं सरळ होतं. मनूच्या औषधाची सोय लागली तर सुटायचं, नाहीतर अजून नऊ वर्षं रंग मारायचा.

अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. रविवारी सकाळी मीच अर्ज घेऊन कोपरला गेलो. होडी नुकतीच लागली होती आणि काठावर वाटे घालणं चाललं होतं. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा आणि माणसागणिक एक. कुणाचा पक्षपात नको म्हणून एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसरा ढिगावर बोट ठेवून "हा कोनाचा?" विचारणार आणि पाठमोरा नाव सांगणार. तोंडातून गेलेलं नाव परत घ्यायचं नाही, अशी रीत.

नामाने चार ढीग घातले. एवढ्यात गुणाजी पुढे झाला. "मी आलो का आनखी एक वाटा काढायचा. दुखन्याचा. तिन्ही घरांचा मिलून. मनू तो येगला विकंल, पैसं पोस्टात टाकंल. ज्याला लागंल त्याला."

भिवाजी उखडला. "दुखनं काय होडी वल्हवतं? त्याला कसला वाटा?"

"जालं तरी कुठं वल्हवतं? त्याला देतोच ना? फाटंल तवा शिवायला म्हनूनच देतो. मानूस फाटत नाय?"

भिवाजीने नामाकडे पाहिलं. नामा तर आधीच खाली बसून चाराचे पाच करायला लागला होता. "आजपासूनच घाल," भिवाजी पुटपुटला, "बघू किती दिस चालतं," आणि पाठ फिरवून उभा राहिला.

नामाने पहिल्याच ढिगावर बोट ठेवलं. त्यात त्या दिवसाचा एकुलता एक जिताडा होता, चांगला हातभर, बाजारात सगळ्यात जास्त भाव खाणारा. "हा कोनाचा?"

कटकट एकदाची संपावी म्हणून भिवाजी तडकाफडकी म्हणाला, "दुखन्याचा!"

मग वळून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. मला हसू आवरेना. बाजूला उभ्या मनुबाईने जिताड्यासकट ढीग उचलून पाटीत टाकला आणि सरळ बाजाराची वाट धरली. गुणाजीने तिथेच, उपड्या टोपलीवर अर्ज ठेवून सही केली. माशांच्या खवल्यांसकट तो अर्ज मी सोमवारी साहेबांपुढे ठेवला. वास आला तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी स्वतः अठ्ठावन्न पुरी होईपर्यंत त्या खिडकीत बसलो. गुणाजी अधूनमधून कोळंबी घेऊन यायचा. उन्हाने रापलेला, पोट गेलेलं, खोकला गेलेला. मला त्याचा हेवा वाटायचा, तो मी लपवलाही नाही. मनुबाईच्या गोळ्या एक दिवस चुकल्या नाहीत.

सत्त्याण्णव साली त्या वाट्याच्या पोस्टातल्या पैशांना पहिल्यांदा मोठा हात लागला. भिवाजीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, कल्याणला. मी बघायला गेलो तेव्हा मनुबाई त्याला पेज भरवत होती. भिवाजीने तोंड फिरवलं.

"वयनी," तो म्हणाला, "सगलं माज्यावरच खरचलं. तुज्या गोल्यांना काय उरलं?"

मनुबाईने चमचा त्याच्या तोंडाशी नेला. "खा मुकाट्यानं. उद्या भरती येनार नाय काय?"