मुंबई ते नागपूर, दीड तास

१९८१च्या मे महिन्यातल्या एका रविवारी, अकरा चाळीसच्या मुहूर्तावर, माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न प्रतापनगरात आमच्या घरासमोरच्या मांडवात लागले. मी त्या वेळी सोनेगावच्या विमानतळावर होतो. लग्नघरातली एकमेव जीपही तिथेच होती.

थोरले काका मुंबईहून सातच्या विमानाने निघणार होते. त्यांना उतरवून घ्यायचे, तसेच चाळीस किलोमीटरवरच्या कुहीला जायचे आणि मामांना घेऊन परतायचे, हे माझे काम. नवरीला मांडवात मामा आणतो. मामा नाही, तर मुहूर्त गेला. विमान किती वाजता पोचते ते कंपनीला विचार, असे आई म्हणाली होती. पण मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो (विचारणे कमीपणाचे वाटले). शाळेच्या नकाशावर दोरा ठेवून अंतर काढले, सुमारे सातशे किलोमीटर. त्याला विमानाच्या ताशी साडेचारशेच्या वेगाने भागले आणि घरात जाहीर केले, दीड तास.

साडेआठला आकाशात फक्त घारी होत्या. नऊला मी खिडकीवरच्या बाबूला जाब विचारला.

"मुंबईचं विमान कुठे आहे?"

"औरंगाबादले."

"तिथे काय करतंय?"

"उतरलं. तिथले पॅसेंजर काय वरूनच फेकाचे?"

"नकाशावर तर सरळ रेघ येते."

"मंग रेघेवर उभे राहा ना भाऊ. विमान दहाले येते. लेट नसंल तर."

लेट होते. कुहीला निघावे, तर काका उतरून एकटे उभे राहतील. काका भयंकर रागीट. मामाही तसेच. दोघांत जास्त रागीट कोण, हे ठरवण्यात माझा एक तास गेला. मग शेजाऱ्यांकडे फोन लावला. वडील फोनवर आले.

"मामा कुठी हाय?"

"कुहीला."

"अन् तू?"

"विमानतळावर."

"काहून?"

"विमान औरंगाबादला थांबून..."

"पोरीले मांडवात कोण आणून राहिलं मंग? पायलट?"

फोन आपटल्याचा आवाज शेजारच्या बाबूलाही ऐकू गेला.

पुढची हकिगत आईने सांगितली. मामा सकाळपासून फेटा बांधून कुहीच्या स्टँडवर उन्हात उभे होते. शेवटी त्यांनी कळमन्याच्या बाजारात धान नेणाऱ्या ट्रकला हात दाखवला आणि वाटभर शिव्या देत (मला, ड्रायव्हर नुसता ऐकत होता) ट्रक थेट प्रतापनगरात आणवला. मुहूर्ताला पाच मिनिटे असताना ट्रक मांडवाला लागला. मामांनी अंगावरचा कोंडा झटकला, भाचीचा हात धरला आणि आईला म्हणाले, "तुह्या पोराच्या नकाशात कुही नाही का वं?"

काका उतरले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

"दीड तास म्हणालास ना? म्हणून मी उपाशी निघालो," एवढेच ते बोलले.

दरम्यान मांडवात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ हवा होता. भटजींनी तीनदा पुकारा केला. मामा अजून तापलेलेच होते. त्यांनी ट्रक ड्रायव्हरला खांद्याला धरून पुढे केले.

"याले घ्या. हा तरी वेळेवर येते."

ड्रायव्हरने कान पिळला, मानाचे सफारीचे कापड घेतले आणि तो कळमन्याला रवाना झाला. लग्नाच्या अल्बममध्ये कान पिळतानाचा फोटो त्याचा आहे. माझा एकच आहे, जीपमधून काकांची बॅग उतरवताना.