छावणीतला चिमटा

माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख कुठल्याही वर्तमानपत्रात छापून आला नाही. तो दोन बांबूंना ताणून बांधलेल्या एका फ्लेक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूला खळीने चिकटवला होता. पुढच्या बाजूला कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवस होता, त्यामुळे लोक आपसूकच मागच्या बाजूला उभे राहत.

मी तेव्हा विद्यापीठात एमएस्सीला होते. सामान्य माणसासाठी विज्ञान लिहायचा एक विषय आम्हाला होता आणि तो शिकवणारे सर फार खडूस होते. त्यांनी उन्हाळ्यात गृहपाठ दिला: आरोग्यावर एक लेख लिहायचा, आपापल्या गावात जिथं माणसं थांबतात तिथं लावायचा आणि आठ दिवसांनी जाऊन लोकांनी काय केलं ते टिपून आणायचं. ‘काय समजलं ते विचारू नका,’ सर म्हणाले, ‘समजलं असं सगळेच म्हणतात. काय केलं ते बघा.’

आमचं गाव नांदूरघाटपासून आत. त्या वर्षी गावातली माणसं थांबत होती ती एकाच जागी, चारा छावणीत. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. गावच्या दूध संस्थेने माळावर छावणी उघडली होती. हिरव्या जाळीच्या सावलीत जनावरांच्या रांगा, मधोमध टँकरने भरायचा हौद, खायला उसाचे तुकडे आणि कधीमधी पेंड. जनावरांबरोबर मालकही तिथंच राहत. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, दोन बैल आणि एक गाय घेऊन दोन महिने तिथं मुक्कामाला होते. बाजेवर पडून टोप्या तोंडावर घेणारी इतकी रिकामी माणसं मी आमच्या गावात कधी पाहिली नव्हती. वाचकवर्ग तयारच होता म्हणायचा!

पण खरं सांगायचं तर मला वाचकवर्ग नको होता. मला एकच वाचक हवा होता. आईचा फोन आला होता. ‘तुझे आबा दिवसाला दोन तांबे पानी पीत न्हाईत,’ ती म्हणाली, ‘टँकरचं पानी जनावराचं हाय म्हनत्यात. परवा भोवळ येऊन बाजंवरून खाली आले. मी बोलले तर माझ्यावरच खेकसले.’ मी फोनवर बोलले असते तर माझ्यावरही खेकसले असते. लेकीचं बोलणं म्हणजे घरातलं बोलणं. फलकावर लिहिलेलं मात्र आबा चष्मा लावून, मोठ्याने आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात.

म्हणून मी लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात ‘निर्जलीकरण’ सहा वेळा आलं होतं. सरांनी सहाही ठिकाणी लाल गोल केले आणि विचारलं, ‘तुमच्या वडिलांना कधी निर्जलीकरण झालंय, की त्यांचं अंग नुसतं सुकतं?’ मी चिडले, पण खोडलं. फापटपसारा काढा, काढा, असं म्हणत त्यांनी लेख निम्मा करून घेतला. उरलं ते असं: उन्हाळ्यात अंगातलं पाणी सांभाळा. तोंड कोरडं पडणं, डोळे खोल जाणं, मलूल होऊन पडून राहणं ही लक्षणं. कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसली नाही तर पाणी कमी पडतंय. सावलीत ठेवा, साखर-मिठाचं पाणी थोडं थोडं पाजा. एक लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. लघवीच्या रंगाबद्दल एक वाक्य होतं, ते मी गुपचूप काढून टाकलं. आबा मोठ्याने वाचणार, आणि खाली माझं नाव!

छावणीच्या सूचना लागायच्या त्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूला लेख लावून मी विद्यापीठात परत गेले. आठ दिवसांनी एसटीने केज, तिथून जीपने गाव, आणि पिशवी घरी टाकून तडक छावणीत.

जे स्वागत झालं ते अजून आठवतं. रांगेतल्या पहिल्याच काकांनी हाक मारली, ‘लई भारी लिवलंस गं माय!’ पुढच्यांनी बाजेवर जागा करून दिली. मी मनातल्या मनात सरांना दोन गुण जास्त द्यायला लावले. मग वही काढून विचारलं, ‘काका, काय केलं तुम्ही?’

‘तू लिवलंस तसंच की. कालवडीला पाजलं. दोन दिसात कान ताट झाले बघ तिचे.’

‘कालवडीला?’

‘मग कोनाला?’ काकांना माझाच संशय आला.

मी रांगेत पुढे पुढे गेले आणि माझे कान पाडून घेत गेले. सगळ्या छावणीने माझा लेख जनावरांवरचा समजून वाचला होता. त्यात त्यांची काय चूक? त्या फलकावर उद्याचं लसीकरण, पेंडीचा वार, खुरांचं औषध याशिवाय कधी काही लागलंच नव्हतं. मलूल पडणं, डोळे खोल जाणं ही त्यांच्या रोजच्या पाहण्यातली लक्षणं. कातडीचा चिमटा तर त्यांचे आजे-पणजे बैलाच्या मानेला घेत आले होते. आणि फापटपसारा काढता काढता ‘माणूस’ हा शब्द मी लेखात एकदाही ठेवला नव्हता.

आबा सगळ्यांत खूश होते. त्यांनी लिटरचं गणित बादलीचं करून घेतलं होतं. मला हाताला धरून बैलाजवळ नेलं, त्याच्या मानेची कातडी ओढून सोडली. ‘बघ, कशी झटक्यात बसती! तुज्या लेखाचा गुन हाय.’ हे बोलताना त्यांचे ओठ चिरलेले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती, आणि चेहरा कौतुकाने फुललेला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मी त्यांचा हात धरला आणि मनगटामागची कातडी चिमटीत घेऊन सोडली.

ती बसली नाही. कणकेला घडी पडावी तशी उभीच राहिली. उतारवयात हा चिमटा तितकासा भरवशाचा नसतो हे मी पुढे शिकले, पण चिरलेले ओठ समोर होते आणि आईने सांगितलेली भोवळही होतीच. आबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. एखादं परक्याचं जनावर दावणीला येऊन उभं राहावं तसं.

‘आरं,’ ते हळूच म्हणाले, ‘हे तर तहानलंय की.’

मी तांब्या भरून दिला. ‘बैलाचं होऊ दे आधी,’ म्हणाले. मग माझा आवाज चढला. ‘आबा, मालक आडवा झाला तर बैलाला पाणी कोण दाखवणार?’ सगळी रांग आमच्याकडे बघत होती. आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

त्याच दुपारी नवा लेख लिहिला. लघवीचं वाक्यही घातलं. पण संस्थेचे सचिव आडवे आले. ‘फलक जनावराचा हाय. मान्साचं लावायचं तर ठराव लागंल.’ आमच्याकडे सहकार असा असतो. विहीर आटेल, ठराव आटणार नाही. निम्मे सभासद बाजेवरच पडलेले, त्यामुळे सभा जागीच भरली. ठराव कोण मांडतो, असं सचिवांनी विचारताच आबा उठले, चष्मा लावला आणि माझा लेख मोठ्याने वाचायला लागले. लघवी पिवळीजर्द होत असेल तर, इथपर्यंत येईतो मी उसाच्या ढिगामागे पोचले होते. ‘जनावराला पाणी दाखवण्याआधी स्वतः एक तांब्या प्या,’ हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. सगळे हात वर झाले. काकांनी तर झोपल्या झोपल्याच केला.

सरांना मी सगळं खरं खरं लिहून दिलं, कालवडीसकट. त्यांनी त्यात एकही लाल गोल केला नाही. मला फार आनंद झाला.

आता मी आरोग्यावर लिहूनच पोट भरते. लेखात माणूस पहिल्या ओळीत येतो. उन्हाळ्यात घरी गेले की आबा ओट्यावर बसलेले असतात. कशी आहेस, किती दिवस राहणार, यातलं काही विचारत नाहीत. माझा हात ओढून घेतात, कातडी चिमटीत धरून सोडतात, नीट बघतात, आणि आत हाक मारतात, ‘पानी आना गं आधी. पोरगी तहानली हाय.’