ऑस्ट्रेलियातलं इंटरव्हल

माझ्याइतकं नेमकं इंटरव्हल आमच्या कंपनीत कुणी घालत नसे. अहो, खरंच सांगते. सिनेमा कुठे थांबवायचा, दिवे कधी लावायचे, हे आम्ही म्हैसूरला हेब्बाळच्या ऑफिसात बसून ठरवायचो आणि आमच्या सगळ्या थिएटरांना पाठवायचो. कंपनीने ऑस्ट्रेलियात थिएटरं काढली तेव्हा साहेबांनी तिकडचं कामही डोळे झाकून माझ्याकडे दिलं.

पहिल्याच दिवशी इंग्रजी सिनेमा होता. मी सवयीने त्यातही इंटरव्हल घातलं. मध्येच दिवे लागले, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघते तर तिकडची माणसं सिनेमा संपला समजून चालू लागलेली! त्यांच्याकडे इंटरव्हल नसतंच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं धाबं दणाणलं. शेजारच्या टेबलावर माझी सहकारी होती, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिलेल्या मराठी घरातली. "अय्यो अक्का, बसून काय राहिलात?" म्हणत तिनेच फोन उचलला, तिकडच्या मॅनेजरला पळवलं आणि पार्किंगमधून माणसं परत आत आणवली. दुपारी ती जेवायला गेली असताना साहेबांनी येऊन शाबासकी दिली, ती मला. मीही घेतली.

गेल्या वर्षी कंपनीने तिकडची सगळी थिएटरं विकली. काम आटलं, आमच्या दोघींपैकी एकीलाच ठेवायचं ठरलं. तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचं नक्की आहे. पहिल्या दिवशी तुम्ही जे सावरलंत ना, ते मी विसरलेलो नाही."

मला अशी लाज वाटली, की खुर्चीत बसवेना.

"साहेब, गोंधळ माझा होता. सावरलं तिने."

त्यांनी पुढ्यातली फाइल मिटली. "हे आत्ता सांगताय? मग मला तिला ठेवावं लागेल."

"ठेवा की! तिला ठेवा. मला काय, कुठेही काम मिळेल."

आणि मिळालंही, महिन्याभरात. त्याची मला कधी धास्ती नव्हतीच.

केबिनमधून बाहेर आले ती तडक तिच्या टेबलाशी. सगळं सांगितलं. खरं सांगू? मला वाटलं होतं, ही आता गळ्यात पडेल. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"अक्का," ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असणार."