रोवणीनंतरचा रस्ता

तो रस्ता मी काढला होता. मे महिन्याच्या सुट्टीत, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. उपग्रहाच्या छायाचित्रात टोलीपासून, म्हणजे गावाबाहेरच्या लहान वस्तीपासून, गावापर्यंत एक पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. मी तिच्यावरून माउस फिरवला, वळणावळणावर क्लिक केले, 'रस्ता' असे नोंदवले आणि जतन केले. पाच मिनिटांचे काम. त्या रेघेवरून मी स्वतः चालले होते, त्यामुळे शंका घेण्याचे काही कारण नव्हते.

मी सडक अर्जुनीला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. नोकरी लागली तेव्हा जिल्हा नवा होता. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, पण आमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात भंडारा पुढची बरीच वर्षे अखंड होता. मी त्यावर लाल स्केचपेनने नवी हद्द काढली, तर शाळेचे साहित्य खराब केले म्हणून मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. मी खुलासा दिला आणि रेघ तशीच राहू दिली. नकाशा चुकला असेल तर तो दुरुस्त करावा, एवढेच माझे म्हणणे होते.

म्हणून इंटरनेटवर एक नकाशा आहे, तो जगभरचे लोक मिळून काढतात, आणि कुणीही त्यात भर घालू शकतो, असे कळल्यावर मी पहिल्यांदा आपला तालुका उघडून पाहिला. महामार्ग होता. महामार्गावरचे दोन ढाबे होते, ते बहुधा कुणा जाणाऱ्या-येणाऱ्याने टाकले असावेत. बाकी सगळे कोरे. एवढी गावे, एवढे तलाव, आणि काहीच नाही. जनगणनेच्या कामाला मी दोनदा गेले होते, निवडणुकीच्या कामाला कितीदा तरी. कोणत्या गावाला कोणती टोली लागून आहे हे मला पाठ होते. मी भरायला सुरुवात केली. "लोक संध्याकाळी मालिका पाहतात, ही तलाव टाकते," असे नवरा पाहुण्यांना सांगायचा. त्याला जाहिरातींच्या वेळात मी तलावांची नावे विचारायची, आणि तो सांगायचाही.

नकाशाचे दोष मला लवकरच दिसू लागले. जंगलाचा हिरवा रंग इतका गडद होता की चिचगडकडची लहान गावे त्यात दिसेनाशी व्हायची. तलाव वर्षभर निळाच. चर्चेची जागा होती, पण तिथे सगळे इंग्रजीत, आणि आत जायला ईमेल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड. मी तिथे दोन-तीन सूचना लिहिल्या. एकीला उत्तर आले, की सूचनेबद्दल आभार. मी पुढच्या गावाकडे वळले.

जुलैच्या शेवटी एके दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, की कुणी बाई भेटायला आली आहे. साधारण माझ्याच वयाची होती. लुगड्याचा काठ चिखलाने कडक झालेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. रोवणीवरून, म्हणजे धानाची रोपे लावण्याच्या कामावरून, सरळ आली होती. आमच्या शाळेपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्या टोलीत चौथीपर्यंतची शाळा आहे. तिच्या व्यवस्थापन समितीची ती अध्यक्ष.

"मॅडम, नेटवरचा नकाशा तुमीच बनवला म्हनते."

"एकटीने नाही. पण आपल्याकडचा बराचसा."

"मंग हे पाहा."

कागद म्हणजे कमी पटाच्या शाळांची यादी होती. टोलीतली शाळा बंद करून तिथली पोरे शेजारच्या गावातल्या शाळेत पाठवायचा प्रस्ताव. दोन शाळांमधले अंतर नऊशे मीटर, म्हणजे एका किलोमीटरच्या आत, म्हणजे नियमात. सोबत नकाशाचा छापील तुकडा. त्यावर माझी रेघ.

"हे नऊशे मीटर कोठून जाते जी? आमाले त दिसत नाई."

"आहे ना रस्ता. मी चालले आहे त्यावरून. मतदानाच्या वेळी."

"कवा?"

"एप्रिलमध्ये."

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. पोट्ट्याचे उत्तर चुकले की आम्ही शिक्षक जसे थोडे थांबतो, तशी ती थांबली.

"एप्रिलात त डोळे मिटून बी जाता येते," ती म्हणाली. "आता येऊन पाहा. पंधरा दिवसानं शिक्षन खात्याचे साहेब येऊन राहिले. त्यायले काय दाखवाचं, नकाशा का बांधी?"

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी स्कूटीने मी टोलीत गेले.

आमच्याकडे धान कापून झाले की बांध्या, म्हणजे धानाची वाफ्यांसारखी शेते, मोकळी पडतात. मग कुणी वळसा घालून जात नाही. बैलगाड्या, सायकली, बाजाराला जाणारी माणसे, सगळी बांध्यांतून सरळ निघतात. गाडी जावी म्हणून बांधीभोवतीचा मातीचा धुरा जागोजागी फोडतात. होळीपर्यंत तिथे पांढरीशुभ्र वाट पडते. शेतमालक हरकत घेत नाही, कारण तोही दुसऱ्याच्या बांधीतून जात असतो. पाऊस लागला की धुरे बुजवतात, चिखल करतात, रोवणी होते, आणि वाट संपते. पुढच्या वर्षी ती चार हात इकडे किंवा तिकडे पडते. आम्ही सगळे तिला रस्ताच म्हणतो. अर्ध्या वर्षाचा रस्ता असे कुणी म्हणत नाही, कारण ते न सांगता सगळ्यांना ठाऊक असते. मलाही होते. मी इथलीच आहे. पण लॅपटॉपसमोर बसल्यावर ते माझ्या डोक्यात आले नाही.

चपला हातात घेऊन मी आणि अध्यक्षबाई निघालो. धुरा वीतभर रुंद, वर शेवाळ. दोन्ही बाजूंना गुडघाभर चिखल आणि नुकते लावलेले धान. मी दोनदा बांधीत उतरले, माझ्या इच्छेविरुद्ध. पलीकडे बायांची रांग वाकून रोवत होती. त्यातल्या एकीने मान वर न करता म्हटले, "नकाशात पाहून चाला, मॅडम." रांगभर हसू गेले.

अर्ध्यावरून मी परत फिरले. मग अध्यक्षबाईंना मागे बसवून खरा रस्ता स्कूटीने मोजला. टोलीतून पांदण, म्हणजे शेतांमधला कच्चा गाडीरस्ता, पुढे तलावाच्या पाळीवरून डांबरी सडक, तिथून थोडा महामार्ग, आणि मग गाव. साडेतीन किलोमीटर. महामार्गाच्या तुकड्यावर रायपूरकडे जाणारे ट्रक एकमेकांना मागे टाकत होते.

"पयलीतलं पोट्टं इथून जाईन का?" अध्यक्षबाईंनी मागून विचारले. 

घरी येऊन मी रेघ पुसली. सोमवारी पाहते तर परत होती. पुण्यातल्या एका स्वयंसेवकाने ती पुन्हा घातली होती, सोबत इंग्रजीत निरोप: छायाचित्रात वाट स्पष्ट आहे, कृपया योग्य माहिती काढून टाकू नये. मी मराठीत चार ओळी लिहिल्या. त्या फारशा सौम्य नव्हत्या. त्याचे उत्तर मराठीत आले, फोन नंबरासह. माणूस अभियंता होता, आणि नोकरी सांभाळून हा नकाशा तपासायचा.

"मॅडम, रस्ता अगदी स्वच्छ दिसतोय हो."

"चित्र कोणत्या महिन्याचे आहे?"

तो शोधत राहिला. "फेब्रुवारी."

"ऑगस्टचे आहे का?"

"ऑगस्टमध्ये ढग असतात. पावसाळ्यातली चित्रं कुणी वापरत नाही."

"आमची शाळा जूनमध्ये उघडते."

हे त्याला पटले. मग म्हणाला, "पण रेघ पुसली तर उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी नकाशा खोटा होईल. तेही बरोबर नाही ना?"

बरोबर नव्हते. मला ते आवडले नाही, पण मान्य करावे लागले. त्याने सांगितले, की रस्ता काही महिनेच चालतो अशी नोंद करायची सोय आहे. मात्र नकाशावर ती रेघ इतर रेघांसारखीच दिसते, आणि अंतर मोजतानाही ती नोंद कुणी विचारात घेत नाही.

"मग ती नोंद कुणासाठी आहे?"

"ज्यांना ती आहे हे माहीत आहे, त्यांच्यासाठी."

"म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी."

तो हसला, आणि तिथून कामाला सुरुवात झाली. त्याच माहितीवर वेगळे चित्र उभे करणे त्याला जमत होते. आमच्या तालुक्यापुरते करू, म्हणाला. अर्ध्या वर्षाच्या वाटा तुटक तपकिरी दिसतील, आणि महिना निवडला की त्या गायब होऊन अंतर बारमाही रस्त्याने मोजले जाईल. त्याने जून ते सप्टेंबर असा कालावधी घातला. मी म्हटले, महिने विचारू नका, पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. वाटेवर बोट ठेवले की एकच प्रश्न यावा: 'रोवणीनंतर इथून जाता येते का?' उत्तरे तीन. हो. नाही. मोठे माणूस धुऱ्याने जाते, लहान मूल नाही. रोवणी म्हणजे भातलावणी हे त्याला समजावून सांगावे लागले.

दुसरा मुद्दा उत्तर कोण देणार हा होता. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडे ईमेल नव्हते. खाते न उघडता, मराठीत, फक्त आपल्या गावाचे नाव टाकून उत्तर देता आले पाहिजे, असा माझा आग्रह. तो घाबरला. कुणीही काहीही लिहील, म्हणाला.

"रस्त्याला दोन टोके असतात," मी म्हटले. "दोन्हीकडच्या गावांचे उत्तर सारखे आले तरच पक्के धरा."

हा नियम त्याला पटला. मी मात्र फोन ठेवल्यावर विचारात पडले. दुसऱ्या टोकाच्या गावाची शाळाही काही भरलेली नव्हती. टोलीतली पोरे आली तर त्यांचा पट वाढणार होता. ते 'नाही' कशाला म्हणतील? अध्यक्षबाईंना मी हे सांगितले.

"मानसायले इचारलं त पंचाईत," त्या म्हणाल्या. "मी बायायले इचारतो. त्या गावच्या बाया आमच्याच बांधीत रोवून राहिल्या. आपन कोठं उभ्या हावो, त्यायले ठावूक हाये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीचा मोबाइल घेऊन तो रोवणीच्या रांगेत फिरवला. नकाशावर त्या बाया माझ्या रेघेच्या बरोबर मधोमध उभ्या होत्या, पोटरीपर्यंत पाण्यात. एकीने लुगड्याला बोट पुसून 'नाही' दाबले, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. पुण्याहून निरोप आला, की दोन्ही टोकांकडून उत्तर सारखे आहे आणि वाट तुटक झाली आहे. त्याने बोटांच्या ठशांबद्दल काही लिहिले नाही, पण मोबाइलची चिखलाने भरलेली काच मी नंतर पाहिली होती.

साहेब आले त्या दिवशी ऊन पडले होते. ते वाईट माणूस नव्हते. एका आठवड्यात बऱ्याच शाळा पाहायच्या होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी लोक रडून दाखवत असतील. त्यांच्याकडे जुना छापील तुकडा होता. मी नवा दिला.

"यातला खरा कोणता?"

"दोन्ही. तो मे महिन्याचा आहे, हा आजचा. पहिला मीच काढला होता. तेव्हा चूक झाली."

"साहेब, बूट काढा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नऊशे मीटरच हाये. आमी संगं येतो."

साहेब बांधीपर्यंत आले. एक पाय धुऱ्यावर ठेवला, शेवाळावर तो सरकला, आणि त्यांनी तो परत घेतला. मागे पोरे अगदी गप्प उभी होती, तशी ताकीद होती. मग त्यांनी डांबरी रस्त्याने अंतर किती, ते माझ्याकडून दोनदा विचारून घेतले आणि कागदावर लिहिले. निघताना मोबाइलवर तालुका सरकवून पाहत म्हणाले, "यादीतल्या बाकी शाळांच्या वाटांना उत्तरे दिसत नाहीत."

"तिथे अजून कुणी विचारले नाही."

"मग विचारा. मी त्या शाळा शेवटी पाहतो."

पोळ्याच्या आधी पत्र आले. शाळा या वर्षी सुरू ठेवावी. 'या वर्षी' हे शब्द त्यात होते, आणि ते आम्ही दोघींनी वाचले. पुढच्या वर्षी पट पुन्हा मोजतील. पण तोवर आणखी चार टोल्यांच्या वाटांना उत्तरे आली होती, आणि त्यांतल्या एकीचे 'हो' आले होते, तेही आम्ही तसेच राहू दिले.

पत्र घेऊन अध्यक्षबाई पुन्हा मधल्या सुट्टीतच आल्या. या वेळी साडी स्वच्छ होती.

"आता शाळा टाका नकाशावर."

मी उघडून पाहिले. शाळा खरोखरच नव्हती. वरून तिचे कौलारू छप्पर घरासारखे दिसते, आणि मी तिला घर म्हणूनच टाकले होते. साहेबांच्या माणसांनी अंतर मोजले ते टोलीच्या नावापासून गावाच्या नावापर्यंत. मी मोबाइल पुढे केला. "तुम्हीच टाका."

त्यांनी बोट ठेवले. खूण शेजारच्या गोठ्यावर पडली.

"ढोरं शिकतीन मंग," त्या म्हणाल्या.

बोट न उचलता खूण कशी सरकवायची ते मी दाखवले. एकदा ती हातपंपावर गेली, एकदा तलावात. तिसऱ्या खेपेला शाळेच्या छपरावर बसली. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"हे पुन्यात बी दिसते का?"

"दिसते."

"मंग ठीक हाये," म्हणत त्यांनी पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली आणि यादीतल्या पुढच्या टोलीचे नाव विचारले.