हलक्या हाताची पियानोबाई

पियानोबाईंच्या हातून कधी भांड्याचा आवाज होत नसे. विहिरीवरून भरून आणलेली कळशी त्या दगडी ओट्यावर टेकवायच्या, तरी कुंपणाच्या अलीकडे मला पत्ता लागत नसे. मी नवी नवरी म्हणून नागावात आले, तेव्हा आमच्या घरात दिवसभर आदळआपट. सासूबाई तर तुपाची पळीसुद्धा रागाने ठेवायच्या. त्यामुळे ही शेजारीण मला अजबच वाटली. एकदा मी न राहवून विचारलं, तर हसून म्हणाल्या, "जोरात काय, कोणीही वाजवील, वहिनी. हळू वाजवायला हात तयार करावा लागतो. तो भांड्यांवरही होतो."

त्या बेने इस्राएल, कोकणातल्या यहुदी. वडिलांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. बाई लहानपणी मुंबईला आत्याकडे राहिल्या, तिथल्या शाळेत एका मड्डमने त्यांना पियानो शिकवला आणि पुढे मोठमोठ्या हॉलमध्ये लोक तिकीट काढून त्यांना ऐकू लागले. मग वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं. त्यांचं करायला दुसरं कोणी नव्हतं, आणि म्हातारा गाव सोडायला तयार नव्हता. बाई परत आल्या त्या पियानो घेऊनच. तो मचव्यातून उतरवून बैलगाडीवर चढवताना गडी घामाघूम झाले. त्यातला एक म्हणाला, "बाय, पेटी तं लय मोठी हाय, पन हिचा भाता कंच्या बाजूला?" हे सांगताना बाईंना दर वेळी हसू फुटायचं.

शनिवारी त्या पियानोला बोट लावत नसत. संध्याकाळी चांदण्या दिसल्या की झाकण उघडायच्या, आणि सासूबाई म्हणायच्या, "झाली सुरू त्या बाईची खटखट!" मी मात्र भाताचं आधण विसरून ऐकत राहायची. म्हाताऱ्याची वाचा गेली होती. एखादी चीज आवडली की तो गोधडीवरचं एक बोट उचलायचा, म्हणजे पुन्हा वाजव. बाई पुन्हा वाजवायच्या, कितीही दमलेल्या असोत.

त्यांचं वैर फक्त ओलीशी होतं. समुद्राच्या हवेने तारा गंजत, लाकूड फुगे. पावसाळा लागला की त्या पियानोच्या पोटाखाली कंदील पेटवून ठेवायच्या, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवावी तसा. "याला सर्दी झाली की माझं संपलं," म्हणायच्या. मला ते बोलणं थट्टेचं वाटे.

एका ज्येष्ठात मड्डमचा निरोप आला. ती कायमची विलायतेला निघाली होती. दिवाळीनंतर तिच्या शिष्यिणींचा शेवटचा कार्यक्रम होता, आणि हॉलवाल्यांना जिचं वाजवणं पसंत पडेल तिला पुढे दर हिवाळ्यात मुंबईत बोलावणं येणार होतं. बाईंचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा तरुण पाहिला. त्यांनी एका जर्मन माणसाची चीज निवडली. तिचा शेवट इतका हळू, की ऐकणाऱ्याने श्वास धरून ठेवावा. पण तो पावसाळा फार वाईट गेला. रेवसहून मुंबईला जाणारी बोट बंद, सारवलेल्या भिंतींना बुरशी, आणि कंदील असूनही पियानोच्या पट्ट्या फुगून घट्ट झाल्या. बाई नेट लावून, खांद्यातून जोर काढून वाजवू लागल्या. भाद्रपदात कधीतरी त्यांच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मला वाटलं, दमल्यात बिचाऱ्या.

कार्यक्रमाला मी आणि हे सोबत गेलो. म्हाताऱ्याकडे माझी नणंद थांबली. मला काय कळतंय? मला तर हॉल दणाणून गेलेला आवडला. पण पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि मड्डमने मान खाली घातली. शेवटच्या हळू भागात बाईंनी हात आवरला तर स्वरच उमटेनात. पुन्हा जोर लावला तर नुसता धडाका. त्या मध्येच थांबल्या, उठल्या, वाकून नमस्कार केला आणि आत गेल्या.

परतीच्या बोटीत त्या बराच वेळ हातांकडे बघत होत्या. "तो पियानो निरोगी होता, वहिनी," त्या म्हणाल्या. "आजारी माझे हात होते. पावसाळाभर फुगलेल्या पट्ट्यांशी झटले, आणि हातांना तेच वळण पडलं. मला कळलंसुद्धा नाही."

त्यानंतर झाकण उघडलं नाही. म्हातारा बोट उचलायचा. बाई त्याचा हात धरून हळूच गोधडीखाली सारायच्या. ते बघवत नसे. तो गेला तेव्हाही बोट वरच होतं, असं माझी नणंद सांगते. पण दर पावसाळ्यात पियानोखाली कंदील पेटायचा. "वाजवायला नाही," त्या म्हणायच्या. "त्याने माझं काय वाकडं केलंय?"

पुढे एका श्रावणात बाईंना विषमज्वर झाला. मुंबईला न्यायला बोट नव्हती, वैद्यांनी हात टेकले. मी उशाशी बसून होते. दुपारी त्यांनी माझा हात जवळ ओढला, मनगटापासून कोपरापर्यंत बोटं टेकली आणि वाजवू लागल्या. चीज तीच असणार. शेवटाला त्यांची बोटं इतकी हलकी झाली, की मी डोळे मिटले असते तर ती माझ्या हातावर आहेत हे मला कळलं नसतं.

"आलं का हळू?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या अंगात ताकदच उरली नव्हती, हे मला दिसत होतं.

"आलं, बाई," मी म्हणाले. "अगदी हळू आलं."